अडवणारं कोणी नसताना

बास्केटबॉलच्या सामन्यात धावता खेळ मध्येच एकदम थांबतो. शिट्टी वाजते, पंच बोटं वर करून किती शॉट मिळाले ते दाखवतो, नऊ जण बाजूला होतात आणि दहावा एकटा रेषेवर येऊन उभा राहतो. बोर्डापासून ही रेषा 4.6 मीटरवर, रिंग जमिनीपासून 3.05 मीटर उंच, आणि चेंडू हातात आल्यापासून वेळ पाच सेकंदांचा. समोर कोणी हात आडवा धरत नाही, कोणी धक्का देत नाही. इतर वेळी हा सगळा खेळ समोरच्याला चकवण्याचा. त्यात ही एवढीच जागा अशी, की चकवायला समोर कोणी नाही. शॉट गेला तर एक गुण, म्हणजे साध्या बास्केटच्या निम्मा. प्रेक्षकांच्या लेखी ही पाणी पिऊन घ्यायची वेळ. या शॉटला फ्री थ्रो म्हणतात. ते न चुकता टाकणाऱ्या एखाद्या गार्डाचं, म्हणजे चेंडू खेळवत पुढं नेणाऱ्या, बहुधा बुटक्या खेळाडूचं, कौतुक करून पाहा. ऐकणारा हमखास म्हणणार, त्यात काय, अडवतंय कोण त्याला? हा प्रश्न मला फार बोलका वाटतो. अडवणारं कोणी नसताना नीट केलेलं काम आपण कसबात धरतच नाही. आणि धरत नाही, म्हणूनच ते इतक्या थोड्यांना जमतं, असं माझं म्हणणं आहे.

पुरावा म्हणून आधी एक गार्ड घेऊ. अमेरिकेतल्या मिझुरी स्टेट विद्यापीठाकडून 2003 ते 2007 अशी चार वर्षं ब्लेक अहर्न खेळला. या काळात त्याला 460 फ्री थ्रो मिळाले, त्यातले 435 गेले. टक्केवारी 94.6. पहिल्याच वर्षी तर 120 पैकी 117. म्हणजे विद्यार्थी असताना हा खेळाडू रेषेवर एकूण 25 वेळा चुकला, आणि त्यातल्या फक्त तीन चुका पहिल्या वर्षाच्या. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. अमेरिकेतल्या कॉलेज संघांची फ्री थ्रोची सरासरी 1960 च्या दशकाच्या मध्यापासून पुढं चार दशकं 69 टक्क्यांच्या आसपास घोटाळत राहिली. अलीकडे ती जेमतेम दोन-तीन टक्के वर सरकली आहे. याच काळात धावण्या-पोहण्याचे विक्रम किती वेळा मोडले ते मोजता येणार नाही. बूट बदलले, जमीन बदलली, खुराक बदलला, खेळाडूचा प्रत्येक हातवारा कॅमेऱ्यात पकडून सावकाश बघायची सोय झाली. खेळाडू उंच झाले, दणकट झाले. आणि ज्या एका शॉटमध्ये कोणाचाच अडथळा नाही, तो शॉट आजोबांच्या आणि नातवाच्या पिढीत जवळपास तिथल्या तिथंच राहिला.

शॉटच अवघड असेल, असं कोणी म्हणेल. थोडं गणित करू. रिंगचा आतला व्यास 45 सेंटिमीटर, पुरुषांच्या चेंडूचा सुमारे 24. चेंडू वरून सरळ पडला असता तर दोन्ही बाजूंना मिळून 21 सेंटिमीटरची सूट. तो तिरका येतो, म्हणून त्याच्या वाटेतून पाहिलं तर रिंग चपटी होते. 45 अंशांनी उतरणाऱ्या चेंडूला ती जेमतेम 32 सेंटिमीटरची दिसते, तरी आठ सेंटिमीटर हाती उरतातच. उतरण 32 अंशांच्या खाली गेली, की मात्र कडेला न लागता आत जायची वाटच बंद होते. म्हणून चेंडू सपाट न फेकता उंच कमानीतून सोडायचा. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या सिल्व्हरबर्ग आणि ट्रॅन या दोन अभियंत्यांनी 2008 मध्ये संगणकावर लाखो शॉट टाकून पाहिले आणि हिशेब मांडला, तो असा: चेंडू सुमारे 52 अंशांत सुटावा, सेकंदाला तीन फेरे या बेतानं उलटा फिरावा, आणि नेम रिंगच्या मधोमध न धरता थोडा मागच्या कडेकडे धरावा. यात दैवी असं काही नाही. ताकद लागते ती शाळकरी पोराच्या हातात असते तेवढी. टॉम ॲम्बेरी नावाच्या पायाच्या डॉक्टरांनी निवृत्तीनंतर हा नाद लावून घेतला आणि 1993 मध्ये, वयाच्या 71 व्या वर्षी, ओळीनं 2750 फ्री थ्रो टाकले. सुमारे बारा तास ते टाकत होते. थांबले ते चुकले म्हणून नव्हे, व्यायामशाळा बंद करायची वेळ झाली म्हणून. एकाहत्तरीच्या माणसाला जे बारा तास जमतं, त्याला अवघड म्हणायचं तरी कसं?

अवघड नसलेली गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सुधारत नाही, तेव्हा कारण मनात आहे असं म्हणून आपण मोकळे होतो. मला ते कारण चारचौघांत दिसतं. विल्ट चेंबरलेनचं उदाहरण घ्या. सात फूट एक इंच उंचीचा हा खेळाडू. त्याच्यासमोर कोणाचा निभाव लागत नसे, पण रेषेवर एकटा उभा राहिला की डगमगायचा. 1961-62 च्या हंगामात त्यानं दोन्ही हातांनी, गुडघ्यांमधून झुलवून, खालून चेंडू सोडायला सुरुवात केली आणि त्या वर्षी त्याची टक्केवारी 61.3 वर गेली. 2 मार्च 1962 रोजी त्यानं एका सामन्यात शंभर गुण केले, तेव्हा 32 पैकी 28 फ्री थ्रो असेच गेले होते. एवढं होऊनही त्यानं ती पद्धत सोडली. पुढं आत्मचरित्रात त्यानं कारणही सांगून टाकलं: तसं टाकताना आपण बायकी दिसतो असं त्याला वाटायचं; चूक आपलीच होती, हेही त्यानं मान्य केलं. कारकिर्दीच्या अखेरीस त्याची सरासरी निम्म्याच्या जेमतेम वर राहिली. रिक बॅरीनं हीच खालून टाकायची पद्धत लोक हसत असताना आयुष्यभर धरून ठेवली आणि नव्वद टक्क्यांच्या घरात राहिला. त्याचा मुलगा कॅन्यन, तोही गार्ड, 2016-17 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाकडून वडिलांसारखाच खालून टाकायचा; त्यानं ओळीनं 42 टाकून त्या विद्यापीठाचा विक्रम केला. बॅरी बापलेकांचे आकडे सगळ्या प्रशिक्षकांपुढं आहेत. तरी ही पद्धत उचलणारे दोन हातांच्या बोटांवर मोजावेत इतकेच. गुण गेले तरी चालतील, पण लोकांत हसू नको, असा हा व्यवहार आहे. चेंबरलेनला जे जाहीरपणे सांगता आलं, ते बाकीचे न सांगता करतात, एवढाच फरक.

याला आणखी एक जुनी साक्ष आहे. जेम्स नेस्मिथनं 1891 च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डला हा खेळ काढला, त्यानंतर काही वर्षांतच फ्री थ्रो आला. आणि 1924 पर्यंत असा रिवाज होता की फाउल कोणावरही होवो, संघानं नेमलेला एकच पटाईत खेळाडू ते सगळे शॉट टाकायचा. पुढं नियम बदलला आणि ज्याला धक्का लागला त्यानंच टाकावा असं ठरलं. न्यायाच्या दृष्टीनं ते बरोबरच झालं. पण रेषेवरचं काम हा संघातला एक नेमका, ओळखीचा हुद्दा होता, तो गेला. जे काम सगळ्यांचं, ते कोणाचंच नाही, हे आपल्याकडे निराळं सांगायला नको.

आता हे सगळं वऱ्हाडात, तेल्हाऱ्यात बसून का लिहायचं? कारण तेल्हारा, हिवरखेड, अकोट या पट्ट्यात खेळाचा विचार जमिनीपासून सुरू करावा लागतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेचा खारपाणपट्टा आणि मधली कपाशीची काळी माती. पावसाळ्यात ती पायाला किलोकिलोनं चिकटते, उन्हाळ्यात तिला हाताचा पंजा जाईल अशा भेगा पडतात. या मातीवर कबड्डी होते, खो-खो होतो, कुस्तीचा हौद होतो. चेंडू मात्र उसळत नाही. ड्रिबल शिकायला सिमेंटचं कोर्ट लागतं, आणि कोर्टाला पैसा लागतो. बास्केटबॉल आपल्या देशात आणला तो वायएमसीएनं, रुजला तो रेल्वे, पोलीस, लष्कर आणि मोठ्या शहरांतल्या कॉलेजांत. तालुक्याच्या गावी तो उशिरा पोचतो यात नवल नाही. पण फ्री थ्रोला चेंडू उसळावा लागत नाही. एक पोल, एक रिंग, आणि उभं राहायला चोपून घेतलेली हातभर जागा. या खेळातलं हे एकच कसब असं आहे, की त्यात काळ्या मातीवरची पोरगी आणि लाकडी फरशीवरची पोरगी एकाच ठिकाणापासून सुरुवात करतात. तरीही आपल्याकडची पोट्टी रिंग दिसली की आधी धावत जाऊन उडी मारतात. चूक त्यांची नाही. मैदानाच्या कडेनं टाळ्या पडतात त्या उडीलाच.

आपल्या रानातही हेच चालतं. तिफणीमागं सरतं धरून चालणारी बाई दिवसभर एका लयीत मुठीतून तूर सोडत जाते. बैलजोडीचं कौतुक होतं, हाकणाऱ्याचं होतं. तिची मूठ सारखी चालली की नाही हे उगवण झाल्यावर कळतं, आणि तेही तासात नांग्या पडल्या तरच. नांग्या नसल्या तर कोणी काही बोलत नाही.

पण वऱ्हाडाचा इतिहास पूर्ण असाच आहे, असं म्हटलं तर तो खोटेपणा होईल. अमरावतीच्या वैद्य बंधूंनी 1914 मध्ये काढलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं मल्लखांब, लाठी, लेझीम अशा प्रकारांना कबड्डी-कुस्तीच्या बरोबरीचं स्थान दिलं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचं पथक तिथं जाऊन भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिकं करून आलं. मल्लखांब म्हणजे काय? पेशवाईच्या उतरत्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्याला नवं वळण दिलं, तो कुस्तीगिराचा सराव: समोर मल्लाऐवजी लाकूड. लाकूड डाव टाकत नाही, निसटत नाही, चिडत नाही. चुकलं तर ते तुमचंच. एकट्यानं, विरोधाशिवाय, रोज तेच करण्याला मान देणारी ही परंपरा आपल्या दारात आहे. ती फक्त मल्लखांबासारख्या प्रकारांपुरती उरली, बाकीच्या खेळांच्या हिशेबात आली नाही.

ती हिशेबात आली तर काय होतं, हे बर्लिनमध्येच पुन्हा दिसलं, 87 वर्षांनी. ऑगस्ट 2023 मध्ये तिथं तिरंदाजीची जागतिक स्पर्धा झाली. साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरचा, साताऱ्यात प्रवीण सावंतांकडे तयार झालेला ओजस देवतळे पुरुषांचा जगज्जेता झाला. त्याच्या अंतिम लढतीचा गुणफलक असा: 150 विरुद्ध 149. पन्नास मीटरवर 80 सेंटिमीटरचं लक्ष्य, त्यात दहा गुणांचं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं, प्रत्येकी पंधरा बाण. ओजसचे पंधराच्या पंधरा बाण त्या आठ सेंटिमीटरमध्ये. पोलंडच्या प्रतिस्पर्ध्याचे चौदा तिथंच, एक शेजारच्या नऊमध्ये. ओजसनं त्याला अडवलं नाही, त्याला अडवण्याची सोयच त्या खेळात नाही. दोघंही आपापल्या हाताच्या थरथरीशी लढत होते आणि त्या एका नऊनं जागतिक विजेतेपद ठरलं. तिरंदाजीत प्रत्येक बाण मोजला जातो, लिहिला जातो, त्याच्यावर निवड होते. म्हणून तिथं सातारा-नागपूरची पोरं जगाच्या पुढं जातात. कसबाला किंमत असली की माणसं त्यासाठी राबतात, यात गूढ काही नाही.

याला पहिला आक्षेप सरळ येईल: तिरंदाज दम खाऊन बाण सोडतो, बास्केटबॉलचा गार्ड चाळीस मिनिटं धावून, धक्का खाऊन, छाती धपापत असताना रेषेवर येतो. हे खरं आहे, आणि ॲम्बेरींच्या 2750 ना त्यामुळं थोडी कात्री लागते. पण दमणूक सगळ्यांनाच असते. अहर्न दमत नव्हता असं नाही. दमलेल्या हातानं तेच करता यावं यासाठीच सराव दमल्यावर करायचा असतो, आणि तोच होत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. प्रशिक्षकाकडे तासभर असतो. एका गुणाच्या शॉटवर तो खर्च करण्यापेक्षा बचाव शिकवलेला बरा, असा हिशेब तो करतो, आणि तो मूर्ख नसतो. तर मग हिशेबच करू. संघाला सामन्यात वीस फ्री थ्रो मिळाले आणि टक्केवारी 69 वरून 84 वर गेली, तर तीन गुण वाढले. तीन गुणांच्या आत निकाल लागणारे सामने कोणत्याही स्पर्धेत काढून पाहावेत. शिवाय हे गुण सामन्याच्या कोणत्या भागात येतात? एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन शॉट मिळतात. पिछाडीवरचा संघ शेवटच्या मिनिटात घड्याळ थांबवायला मुद्दाम फाउल करतो, आणि चेंडू ज्याच्या हाती असतो तो बहुतेक वेळा गार्डच. सगळ्यात उंच खेळाडू तेव्हा काही करू शकत नाही. आघाडी टिकते की जाते ते त्या बुटक्याच्या मनगटावर.

तिसरा आक्षेप अहर्नवरूनच घेता येईल: एवढं अचूक टाकून त्याला काय मिळालं? एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये तो वीस सामनेसुद्धा खेळला नाही. नुसत्या फ्री थ्रोवर कोणी मोठा होत नाही, हे मी मान्य करतो. फ्री थ्रो मिळवण्यासाठी आधी अंगावर जावं लागतं, त्याला पाय लागतात, धाडस लागतं. अचूकता हा खेळाचा पर्याय नव्हे. पण व्यावसायिक लीगच्या मापानं कॉलेजचा खेळ मोजायचा का, हा प्रश्न उरतोच. कारण तेल्हाऱ्याच्या महाविद्यालयातून निघालेली पोरगी एनबीएच्या वाटेवर नसते, संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या संघात निवड व्हावी आणि तिथून मिळवलेल्या यशाचा नोकरीच्या पाच टक्के खेळाडू-आरक्षणात उपयोग व्हावा, एवढ्या वाटेवर असते. चौथा आक्षेप मला सगळ्यात बोचतो. जिथं धड कोर्ट नाही, प्रशिक्षक नाही, तिथं एका पोलापुढं उभं राहून चिकाटी शिका म्हणणं, हा गरिबाला दिलेला फुकटचा उपदेश नाही का? असू शकतो. कोर्ट द्यायचं टाळण्यासाठी कोणी हा लेख पुढं केला तर तो या लेखाचा गैरवापर होईल. कोर्ट हवंच. पण कोर्ट आल्यावरही कौतुकाची सवय जुनीच राहिली, तर नव्या सिमेंटवर पुन्हा उडीच मारली जाईल.

आणि ही सवय कागदापर्यंत उतरली आहे, ती जवळून पाहण्यासारखी आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या छापील गुणपत्रिकेवर साधं बास्केट झालं की गुणलेखक आकड्यावर तिरकी रेघ ओढतो, फ्री थ्रो गेला की भरीव ठिपका देतो आणि शेजारी खेळाडूचा नंबर लिहितो. हुकलेल्या फ्री थ्रोला धावत्या गुणांच्या रकान्यात जागाच नाही. फाउल करणाऱ्याच्या नावापुढं पी आणि शेजारी बारीक दोन असं लिहिलं असेल, तर समोरच्या संघाला दोन शॉट मिळाले एवढं कळतं. ते कोणाला मिळाले, हे त्या कागदावरून निघत नाही. म्हणजे एकीनं दहातले नऊ टाकले आणि दुसरीनं वीसातले नऊ, तर दोघींच्या नावावर नऊच ठिपके. मोठ्या स्पर्धांत वेगळे सांख्यिकी लेखक बसतात, तिथं हा हिशेब ठेवला जातो. जिथं फक्त ही गुणपत्रिका असते, तिथं ती फाइलला लागली की दोघी सारख्याच. गुणलेखकाच्या शेजारी बसलेल्या पोरानं शाळेच्या वहीत दोन रकाने आखले, मिळालेले आणि गेलेले, तर सामन्याला एक मिनिटही जास्त लागत नाही. ती वही तालुक्यावरून जिल्ह्याला आणि जिल्ह्यावरून विद्यापीठाच्या निवड चाचणीला गेली, तर निवड करणाऱ्यांपुढं उंची आणि उडी यांच्या जोडीला आणखी एक आकडा येईल. आणि पाच फूट दोन इंचांच्या गार्डाकडे तो सोडला तर दाखवायला दुसरं फारसं काही नसतं.